ईलग्रासच्या पातीवरचा हिरवा सी हेअर कसा ओळखावा

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापासून थेट दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोपर्यंत, शांत खाड्यांच्या आणि उपसागरांच्या उथळ तळावर ईलग्रास या सागरी गवताची कुरणे आहेत. या गवताच्या पातींवर एक लहान, चपटा, हिरवा आणि पट्टेदार मृदुकाय प्राणी राहतो. गोगलगायीच्या गोतातला असूनही त्याला बाहेरून शंख दिसत नाही. त्याचे शास्त्रीय नाव फायलाप्लिसिया टेलरी. विल्यम हीली डॉल या अमेरिकी मृदुकायतज्ज्ञांनी १९०० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९६० साली हाच प्राणी फायलाप्लिसिया झोस्टेरिकोला या नावानेही वर्णिला गेला. ही दोन्ही नावे एकाच प्रजातीची आहेत हे नंतर मान्य झाले असले, तरी जुन्या मार्गदर्शिकांत दुसरे नाव भेटते आणि वाचणाऱ्याला उगाचच दोन प्राणी शोधावेसे वाटतात. इंग्रजी बोलणारे लोक त्याला टेलर्स सी हेअर, ईलग्रास सी हेअर किंवा झेब्रा लीफस्लग म्हणतात.

कुळाने हा सी हेअर, म्हणजे मोठ्या आणि जांभळी शाई सोडणाऱ्या अप्लिसियांचा नातेवाईक. पण त्या भारदस्त नातेवाइकांशी त्याचे रूप फारसे जुळत नाही. बहुतेक वेळा तो २ ते ४ सेंटिमीटर लांबीचा सापडतो, आणि मोठे नमुने ८ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. ओळखताना लोक सर्वांत आधी हिरव्या रंगाकडे पाहतात, आणि माझ्या मते गफलतीचे मूळ तिथेच आहे. सागरी गवतात राहणारे बरेच प्राणी हिरवे असतात, कारण हिरव्या पातीवर हिरवा रंगच जीव वाचवतो. म्हणून या लेखात रंगाची पाळी मुद्दाम उशिरा ठेवली आहे. आधी गवत, मग प्राण्याची बसण्याची तऱ्हा, मग डोक्यावरच्या स्पर्शिका, त्यानंतर पाठ आणि पट्टे, आणि शक्य असेल तेथे अंडी, या क्रमाने पाहत गेल्यास ओळख बहुधा चुकत नाही.

प्रथम गवताची खात्री करावी

हा प्राणी प्रामुख्याने झोस्टेरा मरीना या ईलग्रासवर सापडतो, त्यामुळे आपण कोणत्या वनस्पतीवर पाहत आहोत हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. झोस्टेरा मरीना हे शेवाळ नाही; ती मुळे, खोड, शिरा आणि फुले असलेली खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे. तिची पाती फितीसारखी लांब आणि सपाट असते, टोकाला गोलसर असते, आणि तिच्यातून एकमेकींना समांतर अशा बारीक शिरा लांबीच्या दिशेने जातात. रुंदी जागेनुसार बदलते. काही मिलिमीटरपासून एक सेंटिमीटरच्या थोडी पुढेपर्यंत ती असू शकते. ही वनस्पती वाळूमिश्रित चिखलात आडव्या खोडांनी पसरते.

याच किनाऱ्यावर आणखी दोन गवते दिसतात. झोस्टेरा जपोनिका हे आशियातून आलेले गवत वायव्येकडील खाड्यांत किनाऱ्याच्या अधिक वरच्या पट्ट्यात वाढते आणि त्याची पाती अगदी अरुंद व आखूड असते. फायलोस्पॅडिक्स, म्हणजे सर्फग्रास, हे लाटा आदळणाऱ्या उघड्या किनाऱ्यावर खडकांना धरून राहते. खडकावर, लाटांच्या माऱ्यात, बोटभरही रुंद नसलेल्या चिवट पातींत हिरवा स्लग, म्हणजे बाहेरून शंख न दिसणारी गोगलगाय, सापडला, तर तो आपला प्राणी असण्याची शक्यता एकदम कमी होते आणि बाकीची लक्षणे अधिक काटेकोरपणे तपासावी लागतात.

ओहोटी कशी निवडावी

ईलग्रासची कुरणे साधारणपणे नीचतम ओहोटीच्या रेषेच्या आसपास सुरू होतात आणि तेथून खोल पाण्यात उतरतात. त्यामुळे रोजच्या ओहोटीत त्यांची केवळ वरची कड हाती लागते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, पाणी पुष्कळ मागे हटते. तेव्हाच घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून कुरण पाहता येते.

अमेरिकेत नोआ ही सरकारी संस्था भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करते. त्यांतील शून्य म्हणजे दिवसातील दोन ओहोट्यांपैकी जी अधिक खालची, तिची दीर्घकालीन सरासरी. म्हणून कोष्टकात उणे आकडा दिसला की पाणी त्या सरासरीच्याही खाली जाणार असा अर्थ होतो, आणि ईलग्रास पाहण्यासाठी असाच दिवस निवडावा. सीमा ओलांडून ब्रिटिश कोलंबियात गेल्यावर मात्र हा नियम जशास तसा चालत नाही. कॅनडाच्या कोष्टकांतील शून्य याहून खालच्या पातळीवर धरलेले असते आणि आकडे मीटरमध्ये असतात, त्यामुळे तेथे उणे आकड्याची वाट पाहत बसल्यास हंगाम निघून जाईल. तेथे शून्याच्या जवळ जाणारा आकडा पुरेसा मानावा.

ऋतूचाही विचार करावा लागतो. वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या आखातात उन्हाळ्यातील खालच्या ओहोट्या दुपारच्या सुमारास येतात, तर हिवाळ्यात त्या मध्यरात्रीच्या आसपास सरकतात. वसंतापासून शरदापर्यंतचे महिने सोयीचे, कारण तेव्हा दिवसाचा उजेड आहे, गवत दाट आहे आणि पातींवर प्राण्याचे खाद्यही भरपूर आहे. ओहोटीच्या नीचतम क्षणापूर्वी साधारण तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरले की परत निघावे. खाडीतील मऊ चिखलात पाय रुतून बसतो आणि भरती मागच्या नाळेतून, म्हणजे खोलगट प्रवाहमार्गातून, आधी शिरते. एकट्याने दूर आत जाणे हा शहाणपणा नाही.

पाती कशी पाहावी

सर्वांत पहिला नियम म्हणजे कुरणात पाय टाकू नये. ईलग्रासची आडवी खोडे चिखलात उथळच असतात आणि बुटाखाली ती सहज मोडतात. कुरणाच्या कडेने, मोकळ्या वाळूवरून किंवा नाळेच्या काठाने चालावे आणि हाताच्या अंतरावरील पाती पाहाव्यात. बोटी बांधण्याच्या तरंगत्या धक्क्याजवळ गवत असेल, तर तेथे पोटावर पडून पाहणे चिखलात उभे राहण्यापेक्षा कितीतरी सोपे जाते.

पूर्ण उघड्या पडलेल्या, एकमेकींवर चिकटून बसलेल्या पातींपेक्षा थोड्या पाण्यात उभ्या असलेल्या पातींवर शोध लवकर लागतो. पाती ओढू किंवा उपटू नये. खालून उघडा तळहात घालून ती अलगद वर घ्यावी आणि सूर्याकडे धरून, बुडापासून टोकाकडे नजर सरकवावी. उजेड पातीतून आरपार येतो, पण प्राणी जेथे बसलेला असतो तेथे पाती एकाएकी जाड आणि अपारदर्शक वाटते. हा सी हेअर पातीच्या लांबीला समांतर बसतो, त्याच्या पाठीवरील रेषा पातीच्या शिरांना समांतर धावतात, आणि त्याच्या पायाची कड पातीला इतकी घट्ट चिकटलेली असते की वरून पाहताना सुरुवातीला केवळ पातीवरचा एक फुगवटा दिसतो. नजर एकदा सरावली की मात्र पुढचे नमुने भराभर सापडतात.

प्राणी दिसत नसेल तर त्याचा माग पाहावा. वाढलेल्या पातींवर डायटम हे एकपेशीय शैवाल, इतर बारीक शैवाल आणि गाळ यांचा तपकिरी, मखमली थर जमतो. हा थर हेच या सी हेअरचे अन्न. तो गवत खात नाही. दातांच्या पट्टीने पातीचा पृष्ठभाग खरवडत पुढे सरकतो. त्यामुळे तो जेथून गेला असेल तेथे तपकिरी थरातून स्वच्छ, चकचकीत हिरवा पट्टा उघडा पडतो, आणि अशा ताज्या पट्ट्याच्या टोकाशी बऱ्याचदा प्राणीच सापडतो. पातीची साल मात्र शाबूत राहते. याउलट, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात ईलग्रासवर राहणारी लिंपेट ही एक छोटी, अरुंद शिंपल्याची गोगलगाय पातीची बाहेरची सालच खाते, आणि तिने खाल्लेली पाती फिकी व जखमी दिसते. पातीवर काळपट-तपकिरी, वेड्यावाकड्या कडांचे डागही आढळतील. ते बहुधा लॅबिरिन्थुला झोस्टेरी या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या रोगाचे असतात. ते पातीच्या आत असतात, बोटाला उंचवटा लागत नाही, आणि आपल्या प्राण्याशी त्यांचा संबंध नाही.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या ताज्या पातींचे ढीगही दुर्लक्षू नयेत. तुटलेल्या पातीबरोबर तिच्यावरचे प्राणी आणि अंडीही तरंगत जातात.

पाण्याबाहेर निदान करू नये

पाण्याबाहेर काढलेला कोणताही स्लग म्हणजे एक हिरवट, बुळबुळीत गोळा असतो, आणि अशा गोळ्याचे छायाचित्र पाहून प्रजाती सांगणे अनुभवी माणसालाही जमत नाही. यासाठी पांढऱ्या रंगाचा, उथळ आणि शक्यतो पारदर्शक तळाचा ट्रे सोबत ठेवावा. त्यात त्याच जागेचे समुद्राचे पाणी भरावे, ट्रे सावलीत ठेवावा आणि वाहून आलेल्या पातीचा एक तुकडा आत टाकावा. प्राण्याला बोटांनी सोलून काढू नये. तो बसला असेल ती पाती पाण्यात झुकवून तिचे टोक ट्रेमध्ये धरावे. बऱ्याचदा तो आपोआप ट्रेमधील पातीवर उतरतो. तसे झाले नाही, तर पातीवर असतानाच त्याचे निरीक्षण करावे.

त्यानंतर काही मिनिटे स्वस्थ बसावे. आकसलेला प्राणी पसरू लागतो तेव्हा प्रथम डोक्याची पुढची रुंद कड चपटी होऊन पुढे येते, तिचे दोन्ही कोपरे लांबतात, मग त्यांच्या मागून दुसऱ्या दोन स्पर्शिका हळूहळू उभ्या राहतात आणि शेवटी शेपटीकडचा भाग पातीवर सपाट पसरतो. चालू लागला की तो डोके डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत पातीची चाचपणी करतो. लांबी मोजायची ती याच अवस्थेत, कारण आकसलेल्या प्राण्याची लांबी बरीच कमी भरते. ट्रेखाली मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवल्यास प्राण्याला हात न लावता हे काम होते. पाणी तापण्याआधी त्याला जेथून आणला त्याच पातीवर परत सोडावे.

स्पर्शिका आणि डोळे

सगळ्या ओळखीचा कणा म्हणजे डोके, आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग त्यासाठी पुरते. या प्राण्याच्या डोक्यावर स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी अगदी पुढे, तोंडाच्या दोन्ही बाजूंना असते; ती रुंद आणि चपटी असून चालताना पातीला टेकलेली राहते. दुसरी जोडी तिच्या मागे, थोड्या अंतरावर उभी असते. या स्पर्शिका अरुंद असून कागदाच्या सुरळीप्रमाणे गुंडाळलेल्या असतात, आणि बाजूने पाहिल्यास त्यांच्या कडेवरील उभी फट स्पष्ट दिसते. पाण्यातील रासायनिक खुणा टिपणे हे या मागच्या जोडीचे काम आहे.

डोळे म्हणजे टाचणीने टोचल्याएवढे दोन काळे ठिपके. त्यांची जागा फार बोलकी आहे: सी हेअरमध्ये ते मागच्या जोडीच्या पुढे, म्हणजे दोन जोड्यांच्या मधल्या भागात असतात. ज्याच्याशी सर्वांत जास्त घोळ होतो त्या एलिसिया या हिरव्या स्लगच्या डोक्यावर गुंडाळलेल्या स्पर्शिकांची एकच ठळक जोडी असते आणि डोळे त्या जोडीच्या मागे असतात. एवढ्या दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या, की मुख्य संशय फिटतो.

पाठ, पाय आणि शेवटी रंग

डोक्यानंतर पाठीकडे वळावे. मोठ्या अप्लिसियांच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी उघडझाप करणाऱ्या, पंखांसारख्या सुट्या झालरी असतात. फायलाप्लिसियात या झालरी जवळपास पूर्ण जुळून गेलेल्या असतात आणि पाठीच्या मागच्या भागात मध्यावर केवळ एक छोटी फट शिल्लक राहते. याच फटीतून कल्ल्याकडे पाणी येते-जाते. प्राणी शांत असताना भिंगातून पाहिल्यास फटीच्या कडा हलताना दिसतात. बाकी पाठ सपाट आहे. तिच्यावर पिसांसारखा कल्ल्यांचा झुबका नाही, की बोटांसारखे उभे अवयव नाहीत.

पारदर्शक तळाच्या ट्रेमधून खालून पाहिल्यास पाय दिसतो. तो शरीराएवढाच रुंद असून कडांपर्यंत पातीला टेकतो. अरुंद आणि हलत्या पातीवर, प्रवाहात, पकड सुटू न देता राहण्यासाठी हा चपटेपणा आणि रुंद पाय आवश्यकच आहेत. पाती अरुंद असेल तेव्हा पायाच्या कडा तिच्या दोन्ही बाजूंनी खाली दुमडलेल्याही दिसतात.

आता रंग. मूळ रंग चमकदार हिरवा ते पिवळसर हिरवा असतो. त्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या काळ्या किंवा गडद तपकिरी बारीक रेषा आणि त्यांच्या जोडीने पांढरे किंवा पिवळसर पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या, ठसठशीत पट्ट्यांच्या नमुन्यात ही नक्षी इतकी वेगळी असते की दुसऱ्या कशाची शंका येत नाही. तथापि सर्व नमुने असे नसतात. काहींमध्ये रेषा तुटक असतात, काहींमध्ये त्यांच्या जागी ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि अगदी लहान पिल्लांमध्ये नक्षी फिकी किंवा अपुरी असते. म्हणून पट्टे दिसले तर ओळख भक्कम होते, पण पट्टे दिसले नाहीत एवढ्यावरून ती बाद करू नये. पट्ट्यांची दिशा मात्र तपासावी: त्या रेषा लांबीच्या दिशेनेच धावतात, आडव्या नसतात.

अंडी हा वेगळा पुरावा

पातींवर प्राण्यासोबत किंवा प्राण्याविना अंडीही सापडतात, आणि त्यांचा आकार इतका ठरावीक असतो की माझ्या मते नवशिक्याने प्राण्याआधी अंडीच ओळखायला शिकावीत. या सी हेअरची अंडी म्हणजे पातीवर चिकटवलेला एक सपाट, पारदर्शक, साधारण चौकोनी किंवा आयताकृती तुकडा. भिंगाखाली त्यात अंड्यांचे कोष एकाच थरात, एकमेकांना लागून मांडलेले दिसतात, आणि अंडी जुनी असतील तर प्रत्येक कोषात हलणारा जीव दिसतो.

त्याच पातींवर इतरांचीही अंडी असतात. लॅक्यूना या बारीक शंखाच्या गोगलगायीची अंडी पिवळ्या, भरीव कड्यासारखी असतात. हॅमिनिया या बबल स्नेलची अंडी जेलीत गुंफलेल्या पिवळ्या फितीत असतात. हर्मिसेंडा ही न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, वेटोळे घातलेली बारीक दोरी घालते, तर मेलिबी ही दुसरी न्यूडिब्रँक रुंद, नागमोडी आणि फिकट पिवळसर फीत घालते. सपाट आणि चौकोनी तुकडा यांपैकी कोणाचाही नसतो.

बहुतेक सागरी गोगलगायींच्या अंड्यांतून पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. फायलाप्लिसिया टेलरीची अळी-अवस्था अंड्याच्या कोषातच उरकते, आणि बाहेर येतो तो पातीवर सरपटणारा इवलासा पूर्ण प्राणी. शोधणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. पिल्ले आईबापांच्याच कुरणात वाढतात, त्यामुळे एखाद्या कुरणात ती पावलोपावली असतात आणि शेजारच्या, तितक्याच हिरव्यागार कुरणात एकही नसते. प्राणी उभयलिंगी असल्याने नर-मादी ओळखण्याचा प्रश्न येत नाही. एका कुरणात पिल्ले, मध्यम आणि पूर्ण वाढलेले प्राणी व अंडी असे सारे एकत्र सापडले, तर फिक्या पिल्लांची ओळखही मोठ्यांच्या आधाराने पटते.

घोळ कोणाशी होतो

सर्वांत जवळचा भिडू म्हणजे एलिसिया हेजपेथी. तो गर्द हिरवा असतो, खाड्यांमध्येही सापडतो आणि आकारानेही लहानच असतो. परंतु तो कोडियम आणि ब्रायोप्सिस या हिरव्या शैवालांतील रस शोषून जगतो, म्हणून तो बहुधा त्या शैवालांवर किंवा त्यांच्या आसपास असतो. ईलग्रासच्या स्वच्छ पातीवर तो दिसलाच तर वाट चुकलेला पाहुणा समजावा. त्याच्या पाठीवर दोन मोकळ्या झालरी असतात, ज्या मिटल्यावर शरीर उंच आणि अरुंद दिसते व उघडल्यावर पानासारखे पसरते. अंगावर निळे आणि लालसर बारीक ठिपके चमकतात, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेषा नसतात. स्पर्शिकांची जोडी एक, डोळे तिच्या मागे, हे वर आलेच आहे.

मेलिबी लिओनिना ईलग्रासवर कधीकधी मोठ्या संख्येने जमते. ती दूधी-पारदर्शक असते, डोक्यावर केसांसारख्या झालरीची मोठी टोपी असते आणि पाठीवर पानांसारखे अवयव असतात. पाण्याबाहेर काढल्यास तिला फळासारखा गोडसर वास येतो. हर्मिसेंडाच्या पाठीवर बोटांसारख्या अवयवांचे झुबके आणि अंगावर निळ्या-नारिंगी रेषा असतात. या दोघींशी गोंधळ होणे अवघड आहे, तरीही घाईत काढलेल्या अंधूक छायाचित्रांत तो होतो. हॅमिनियाला पाठीवर पातळ, फुगीर शंख असतो आणि अंग तपकिरी-राखाडी ठिपक्यांचे असते. अप्लिसिया कॅलिफोर्निकाचे पिल्लू आकाराने फसवू शकते, पण त्याचे शरीर उंच व गोलसर असते, पाठीच्या झालरी सुट्या असतात आणि छेडल्यास ते जांभळी शाई सोडते.

स्लग नसलेल्या दोघांचाही उल्लेख करायला हवा. पेंटिडोटिया रिसेकाटा हा हिरवा, लांबट आयसोपॉड, म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या गोतातला छोटा कवचधारी प्राणी, पातीवर अगदी याच तऱ्हेने, लांबीला समांतर बसतो. दुरून नजर फसते; जवळून पाहिल्यावर त्याचे खंडांचे शरीर, सात जोड्या पाय आणि शेपटीच्या टोकाचा आतल्या बाजूला वळलेला कापही दिसतो. चपटे कृमीही पातीवर तरंगल्यासारखे सरकताना दिसतात. ते कागदाइतके पातळ असतात, त्यांना वेगळा असा पाय नसतो आणि गुंडाळलेल्या, उभ्या स्पर्शिका तर नसतातच.

नोंद कशी करावी

छायाचित्रे किमान चार प्रकारची घ्यावीत: प्राणी पातीवर बसलेला असताना आजूबाजूच्या गवतासह, ट्रेमध्ये पूर्ण पसरलेला असताना वरून, डोक्याचे शक्य तितक्या जवळून, आणि बाजूने. अंडी असतील तर त्यांचे वेगळे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे. सोबत तारीख, वेळ, ओहोटीची पातळी, ठिकाण, गवताची प्रजाती, पाण्याची अंदाजे खोली आणि पसरलेल्या प्राण्याची लांबी लिहावी. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर नोंद टाकताना गवताचे नाव टिपणात आवर्जून द्यावे, कारण छायाचित्र तपासणाऱ्याला पातीचा तुकडा पाहून गवत ओळखता येईलच असे नाही. नमुना घरी नेऊ नये; संरक्षित सागरी क्षेत्रांत प्राणी उचलण्यास बंदी असते, आणि इतरत्रही परवान्याचे नियम आधी पाहून घ्यावे लागतात.

किती पाती पाहिल्या आणि त्यांपैकी किती पातींवर प्राणी सापडले, ही संख्या लिहिली तर नोंदीचे मोल वाढते. प्राणी न सापडलेल्या पातींचाही आकडा त्यात यावा. या प्राण्याची संख्या कुरणाच्या प्रकृतीशी जोडलेली आहे, हे कॅलिफोर्नियातील एल्कहॉर्न स्लू या खाडीत स्पष्ट दिसले आहे. आसपासच्या शेतांतून येणाऱ्या खतांमुळे तेथील पाण्यात पोषकद्रव्ये फार आहेत. अशा पाण्यात पातींवरचा थर दाट होऊन गवताला उजेड कमी पडावा, अशी अपेक्षा असते. पण सी ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरे, या खाडीत परतल्यानंतर ईलग्रास वाढू लागले. ब्रेंट ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची साखळी मांडली आहे: ऑटर खेकडे खातात, खेकडे कमी झाले की त्यांचे भक्ष्य असलेले फायलाप्लिसिया टेलरी आणि वर उल्लेखलेला हिरवा आयसोपॉड वाढतात, आणि हे दोघे पातींवरचा थर खरवडून गवताला उजेड मिळवून देतात. त्यामुळे अशा खाडीत, किंवा वॉशिंग्टन राज्यातील पॅडिला बेसारख्या हजारो एकरांच्या ईलग्रास कुरणात काम करणाऱ्या अभ्यासकांना एका सुंदर छायाचित्रापेक्षा ठरावीक पातींची मोजणी अधिक उपयोगी पडते. एल्कहॉर्न स्लूमध्ये होडीतून पाहत असाल तर ऑटरांपासून लांब राहावे; त्यांना त्रास देण्यास कायद्याने बंदी आहे.

खात्रीचा दर्जाही नोंदीत लिहावा. स्पर्शिकांच्या दोन जोड्या, पाठीवरची छोटी फट, लांबीच्या दिशेने धावणाऱ्या रेषा आणि झोस्टेरा मरीनाची पाती हे चारही दिसले असतील, तर प्रजातीचे नाव निःशंकपणे लिहावे. पट्टे नसलेले पिल्लू असेल, पण स्पर्शिका आणि डोळ्यांची जागा स्पष्ट असेल व त्याच कुरणात मोठे प्राणी किंवा चौकोनी अंडी असतील, तर नाव लिहून पुढे ‘पिल्लू, अंडी सोबत’ असे टिपण जोडावे. डोके दिसतच नसेल, तर पाठ कितीही हिरवी असली तरी प्रजातीचे नाव लिहू नये. ‘ईलग्रासवरील हिरवा स्लग’ एवढेच नोंदवून पुढच्या उधाणात त्याच कुरणाच्या कडेला परत जावे.